कोलोनोस्कोपच्या कल्चरमध्ये पुन्हा पुन्हा सूडोमोनास: द्रावणात जास्त वेळ ठेवून भागेल का?

वाचकाचं पत्र: आमच्या एंडोस्कोपी विभागात दोन गॅस्ट्रोस्कोप (जठर बघायची नळी) आणि एक कोलोनोस्कोप (मोठं आतडं बघायची नळी) आहे. स्कोप धुण्याचं काम मी आणि माझी एक सहकारी हातानेच करतो, मशिन नाही. कोलोनोस्कोपच्या कल्चरमध्ये (सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) आतापर्यंत दोनदा सूडोमोनास हा जंतू आला. पहिल्या वेळेनंतर आम्ही ग्लुटाराल्डिहाइड (जंतू मारायचं द्रावण) नवीन घेतलं आणि स्कोप त्यात ठेवायची वेळ २० मिनिटांवरून ४५ मिनिटांवर नेली. तरी परत तेच. दोन केसच्या मध्ये कोलोनोस्कोपला जेमतेम सव्वा तास मिळतो. एन्झाइमचं डिटर्जंट वापरतो, ब्रश फिरवतो, एक ब्रश महिनाभर चालतो. संध्याकाळी स्कोप धुऊन, पुसून, सिरिंजने हवा मारून कपाटात टांगतो आणि सकाळी पहिल्या केसआधी पुन्हा द्रावणातून काढतो. फेस होऊ नये म्हणून स्कोपला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत सिमेथिकॉनचे थेंब टाकायला सांगितलेलं आहे. गॅस्ट्रोस्कोपच्या कल्चरमध्ये काही येत नाही. डॉक्टर म्हणतात, धुण्यात कमी पडताय. आमचं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर: आधी एक गोष्ट आजच करा. तो कोलोनोस्कोप वापरातून बाहेर काढा. सूडोमोनास दोनदा आलेला स्कोप पुढचा निकाल स्वच्छ येईपर्यंत रुग्णासाठी वापरायचा नाही, मग थांबलेल्या रुग्णांची रांग कितीही लांबो. संसर्ग नियंत्रण समितीला लेखी कळवा. पहिल्या पॉझिटिव्ह सॅम्पलच्या आधीच्या शेवटच्या स्वच्छ निकालापासून आजपर्यंत त्या स्कोपने कोणाकोणाची तपासणी झाली, ती यादी रजिस्टरवरून काढून डॉक्टरांच्या हाती द्या. त्या रुग्णांचं पुढे काय करायचं हे त्यांनी ठरवायचं, पण यादी तुमच्याकडूनच जायला हवी.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका आकडा ४५ आहे. सव्वा तासातली ४५ मिनिटं द्रावणात गेली, की लीक टेस्ट (स्कोप गळतो का ते पाहणं), ब्रश, दोन वेळचं विसळणं, वाळवणं आणि ने-आण या सगळ्याला मिळून ३० मिनिटं उरतात. द्रावणात वाढवलेली २५ मिनिटं कुठून तरी कापलीच गेली असणार, आणि ती जातात ती ब्रशमधून आणि वाळवण्यातून. कारण द्रावणाची वेळ घड्याळावर दिसते, या दोन कामांची कुणी मोजत नाही. म्हणजे ज्या पायरीवर बहुधा चूक नव्हतीच ती तुम्ही लांबवली आणि जिथे चूक आहे ती पायरी आखूड झाली.

द्रावणाच्या वेळेबद्दल नियम साधा आहे. बाटलीच्या लेबलवर जे तापमान आणि जी वेळ दिली आहे, ती पाळायची. २ टक्क्यांच्या आसपासच्या ग्लुटाराल्डिहाइडच्या काही बाटल्यांवर २५ अंश सेल्सियसला ४५ मिनिटं असं लिहिलेलं असतं, तर बऱ्याच मार्गदर्शिका नीट धुतलेल्या स्कोपला २० अंशांना २० मिनिटं पुरेशी मानतात. तुमच्या लेबलवर ४५ असतील तर ४५ ठेवा, पण मग त्या स्कोपला सव्वा तास पुरणार नाही हेही मान्य करा. लेबल आणि विभागाचा नियम वेगळे असतील, तर कोणतं पाळायचं ते संसर्ग नियंत्रण समितीकडून लेखी घ्या.

जास्त वेळ बुडवून भागत नाही, यामागचं गणितही पाहा. कोलोनोस्कोप रुग्णाच्या शरीरातून बाहेर येतो तेव्हा त्यावर आणि त्याच्या चॅनेलमध्ये, म्हणजे आतल्या बारीक पोकळ नळ्यांत, जंतूंची संख्या हजार कोटींपर्यंत असू शकते. नीट धुतल्याने ती दहा हजार ते दहा लाख पटींनी खाली येते. त्यानंतरचं द्रावण साधारण तेवढ्याच पटींनी ती आणखी खाली आणतं. बेरीज केली तर दोन्ही पायऱ्या चोख झाल्या तरच संख्या शून्याजवळ पोहोचते, हाताशी शिल्लक अशी फारशी राहत नाही. धुणं थोडं जरी कमी पडलं तरी ती तूट द्रावण भरून काढू शकत नाही. त्यात ग्लुटाराल्डिहाइडचा आणखी एक गुण इथे आड येतो. ते प्रथिनं घट्ट बसवतं. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासाठी ऊतींचे नमुने 'फिक्स' करायला हेच रसायन वापरतात. चॅनेलमध्ये रक्त किंवा श्लेष्म राहिलं असेल, तर ते तिथेच पक्कं होतं आणि त्याच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. दर फेरीला नवा थर चढत जातो. हा जमलेला थर म्हणजे बायोफिल्म, आणि एकदा तो धरला की द्रावणाची वेळ दुप्पट करूनही तो निघत नाही.

कोणता जंतू आला यावरूनही दिशा कळते. क्लेब्सिएला, ई. कोलाय, एन्टेरोकोकस असे आतड्यातले जंतू आले तर संशय धुण्यावर किंवा द्रावणावर घ्यायचा. त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस आला तर हाताळणी किंवा सॅम्पल घेताना झालेली चूक आधी तपासायची. सूडोमोनास हा पाण्याचा जंतू आहे. तो आला की ओल शोधायची: न वाळलेला चॅनेल, विसळायचं पाणी, पाण्याची बाटली, किंवा चॅनेलच्या आतल्या चरांत धरलेला जुना थर. विसळायचं पाणीच दूषित असतं तर गॅस्ट्रोस्कोपमध्येही काहीतरी सापडण्याची शक्यता होती. ते स्वच्छ आहेत, म्हणून कोलोनोस्कोपमध्ये वेगळं काय घडतंय ते पाहू. आमच्या मते क्रम असा लागतो: आधी वाळवणं, मग सिमेथिकॉन, मग चॅनेलची इजा.

वाळवण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक ठिकाणी याच पायरीला सगळ्यात कमी वेळ मिळतो. सिरिंजने हवा मारून कोलोनोस्कोप वाळत नाही. आत घालायची नळी आणि प्रोसेसरकडे जाणारी केबल धरून चॅनेलची लांबी तीन मीटरच्या आसपास भरते. सिरिंजची हवा मोठे थेंब पुढे ढकलते, भिंतीला चिकटलेला पातळ ओलावा तसाच राहतो. खोलीच्या तापमानाला रात्रभर बंद, ओल्या नळीत मूठभर उरलेले जंतूही सकाळपर्यंत लाखांवर जातात. वाळवायला गाळलेली, वैद्यकीय दर्जाची दाबाची हवा हवी, आणि ती प्रत्येक चॅनेलमधून मिळून किमान १० मिनिटं सोडायला हवी. दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच ठेवा. बारीक चॅनेलला जास्त दाब दिला तर तो आतून फाटतो. पूर्वी हवेच्या आधी ७० टक्के अल्कोहोल सोडायची पद्धत सर्रास होती. अलीकडच्या काही मार्गदर्शिकांनी तो आग्रह सोडला आहे, कारण अल्कोहोलही उरलेलं प्रथिन घट्ट बसवतं आणि हवा पुरेशी सोडली तर त्याची गरज पडत नाही. तुमच्या स्कोपच्या पुस्तिकेत अल्कोहोल सांगितलं असेल तर वापरा, पण हवेची १० मिनिटं त्यातून वजा करू नका.

वाळला की नाही हे डोळ्यांनी तपासा. स्कोपचं पुढचं टोक स्वच्छ आरशासमोर किंवा गडद, कोरड्या कागदासमोर धरून प्रत्येक चॅनेलमधून हवा सोडा. आरशावर धुकं धरलं किंवा कागदावर एक जरी ठिपका पडला तरी पुन्हा हवा. बाहेरून पुसलेला, लखलखीत दिसणारा स्कोप आतून ओला असू शकतो, म्हणून ही तपासणी रोज संध्याकाळी शेवटच्या फेरीनंतर झालीच पाहिजे. मग स्कोप सरळ, लोंबता टांगा. त्याचं टोक कपाटाच्या तळाला टेकू नये. सक्शन आणि हवा-पाण्याचे व्हॉल्व्ह व बायोप्सीचं रबरी झाकण काढलेलंच राहू द्या, म्हणजे आतून हवा खेळते. ज्या पेटीतून स्कोप आला त्या फोमच्या पेटीत तो कधीच ठेवायचा नाही. तो फोम निर्जंतुक करताच येत नाही.

सकाळची तुमची जादाची बुडी यात मदत करत नाही. स्कोप रात्री कोरडा ठेवला असेल तर विभागाने ठरवलेल्या मुदतीत तो पुन्हा प्रक्रिया न करता वापरता येतो. ओला ठेवला असेल तर रात्रीत जमलेलं ब्रश न करता नुसत्या बुडवण्याने जात नाही. वर त्या बुडीमुळे स्कोप पुन्हा ओला होऊन थेट रुग्णाकडे जातो. ती फेरी बंद करा आणि तोच वेळ संध्याकाळी हवेला द्या.

दुसरा संशय सिमेथिकॉनवर. ते सिलिकॉन आहे, पाण्यात विरघळत नाही, आणि धुऊन झाल्यावरही चॅनेलमध्ये त्याचे चकचकीत थेंब उरतात. बाजारात मिळणाऱ्या थेंबांत साखर किंवा घट्टपणा आणणारे पदार्थही असतात, आणि त्यावर जंतू पोसतात. तुमच्याकडे ते पाण्याच्या बाटलीतून जातं, म्हणजे हवा-पाण्याच्या चॅनेलमधून. हा चॅनेल इतका बारीक असतो की त्यात ब्रश जातच नाही, तो फक्त द्रव सोडूनच धुता येतो. म्हणजे धुवायला सगळ्यात अवघड असलेल्या जागी तुम्ही सगळ्यात चिवट पदार्थ रोज घालताय. बाटलीतून सिमेथिकॉन पूर्ण बंद करा. डॉक्टरांना गरज पडली तर कमीत कमी प्रमाणात, सिरिंजने, बायोप्सी चॅनेलमधून द्यावं. त्या चॅनेलमध्ये निदान ब्रश तरी जातो. ही विनंती तुमच्या तोंडी गेली तर ऐकली जाईलच असं नाही, म्हणून समितीच्या पत्रात टाका.

बाटलीचंही तेच. तिच्यात निर्जंतुक पाणीच भरायचं, नळाचं किंवा आरओचं नाही. बाटली, तिचं झाकण आणि नळी रोज दिवसअखेर निर्जंतुक करून, रिकामी आणि कोरडी ठेवायची. संध्याकाळीच भरून ठेवलेली बाटली म्हणजे रात्रभर साठवलेलं पाणी, आणि सूडोमोनासला तेवढं पुरतं.

तिसरा संशय चॅनेलच्या इजेवर. बायोप्सी फोर्सेप्स (तुकडा घ्यायचा चिमटा) आणि स्नेअर (गाठ कापायचा तारेचा फास) जाऊन-येऊन चॅनेलच्या आतल्या अस्तरावर चरे पडतात. महिनाभर वापरलेल्या ब्रशच्या तारेला बाक आला असेल तर तीही आत घासते. त्या चऱ्यांत थर धरला की तुमचं बाकी सगळं अचूक असूनही कल्चर पॉझिटिव्ह येत राहतं. बाहेरून हे दिसत नाही. चॅनेलमध्ये घालायचा बारीक कॅमेरा, ज्याला बोरस्कोप म्हणतात, तो तुमच्याकडे असेल तर आत पाहा. नसेल तर दुरुस्तीला पाठवताना 'बायोप्सी-सक्शन चॅनेलची आतून तपासणी करून लेखी अहवाल द्यावा' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'सर्व्हिसिंग' लिहिलं तर बहुतेकदा बाहेरचं रबर आणि वाकण्याचा कोन बघून स्कोप परत येतो.

आता धुण्याची पद्धत. इथे बारकावे आहेत आणि तेच महत्त्वाचे आहेत.

सुरुवात तपासणीच्या टेबलापाशीच होते. स्कोप बाहेर आल्या आल्या, लाइट सोर्सला जोडलेला असतानाच, बाहेरची नळी डिटर्जंटमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने डॉक्टरांच्या हातापासून टोकाकडे पुसायची. टोक डिटर्जंटमध्ये बुडवून सक्शनने २०० मिलीच्या आसपास किंवा स्वच्छ दिसेपर्यंत ओढायचं. हवा-पाण्याच्या व्हॉल्व्हच्या जागी त्याचा धुण्याचा अ‍ॅडॉप्टर लावून साधारण ३० सेकंद पाणी आणि १० सेकंद हवा सोडायची. अनेक ठिकाणी हा अ‍ॅडॉप्टर खोक्यातच पडून असतो. तुमचा कुठे आहे ते शोधा. स्कोपला पाण्याच्या जेटचा जादाचा चॅनेल असेल तर त्या केसमध्ये तो वापरला नसला तरी त्यातूनही पाणी सोडा, कारण आतड्यातला द्रव त्यात मागे चढू शकतो. २००९ साली अमेरिकेत १० हजारांहून अधिक माजी सैनिकांना रक्ततपासणी करून घ्या असं कळवावं लागलं होतं. त्यामागे याच जेटच्या नळीला लावलेला चुकीचा व्हॉल्व्ह आणि दोन रुग्णांच्या मध्ये ती निर्जंतुक न करणं ही कारणं होती.

तिथून पुढे घड्याळ सुरू होतं. ब्रशने धुणं एका तासाच्या आत सुरू झालं पाहिजे. केस लागोपाठ असल्या की स्कोप ट्रेमध्ये वाट बघत पडतो, आणि वाळलेलं रक्त व श्लेष्म ओल्यापेक्षा कितीतरी चिवट असतं. तास उलटलाच तर उत्पादकाने सांगितलेली उशिराची पद्धत वापरायची. ती म्हणजे साधारणपणे लीक टेस्ट पास झाल्यावर डिटर्जंटमध्ये जास्त वेळ भिजवणं. केस संपल्याची वेळ आणि धुणं सुरू केल्याची वेळ या दोन रकाने रजिस्टरमध्ये वाढवा.

लीक टेस्ट प्रत्येक फेरीला, पाण्यात घालण्याआधी. सगळे व्हॉल्व्ह काढा, टेस्टरमधून हवा येते का हे आधी पाहा, कोरड्या कनेक्टरला तो जोडा, दाब भरा आणि मगच साध्या पाण्यात बुडवा. पाण्यात डिटर्जंट घातलं तर फेसात बुडबुडे दिसत नाहीत. टोक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पूर्ण वाकवा, बटणं दाबा, आणि किमान ३० सेकंद नजर हलवू नका. बारीक गळती फक्त एका दिशेला वाकवल्यावरच दिसते. टेस्टर पाण्यात असताना जोडू किंवा काढू नका. स्कोप बाहेर काढून, पुसून, मग सोडवा. बुडबुड्यांची सलग माळ दिसली तर तो स्कोप तिथेच थांबवा. पुढचं काय करायचं ते उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे. गळतीतून आत गेलेला द्रव कुठल्याच ब्रशला सापडत नाही.

मग डिटर्जंट. सिंकवर १० लिटरची खूण करून घ्या. लेबलवर दर लिटरला ५ मिली असेल तर ५० मिली मोजून घाला, बाटली उपडी करून अंदाजे नाही. कमी पडलं तर काम होत नाही, जास्त झालं तर फेस होतो आणि विसळताना चॅनेलमधून निघत नाही. पाणी कोमट, लेबलने सांगितलेल्या मर्यादेत. फार गरम पाण्यात प्रथिनं गोठून चिकटतात आणि एन्झाइमही मरतं. प्रत्येक स्कोपला नवं द्रावण. एका पाण्यात दोन स्कोप धुतले तर पहिल्याचा मळ दुसऱ्यात जातो.

ब्रश चॅनेलच्या मापाचा हवा. गॅस्ट्रोस्कोपचा चॅनेल बहुतेकदा २.८ मिमीचा, कोलोनोस्कोपचा ३.७ मिमीच्या आसपास असतो. दोन्हीला एकच ब्रश वापरत असाल तर कोलोनोस्कोपच्या भिंतीला तो टेकतच नसेल. गॅस्ट्रोस्कोप स्वच्छ आणि कोलोनोस्कोप नाही, याचं हेही एक कारण असू शकतं, तेव्हा हे आजच मोजून पाहा. ब्रश एकदा वापरून टाकायचे मिळाले तर उत्तम. पुन्हा वापरायचे असतील तर प्रत्येक वापरानंतर धुऊन निर्जंतुक करा आणि केस चपटे झाले किंवा तार वाकली की फेका. महिना हे माप नाही.

ब्रश तीन वाटांनी फिरतो. पहिली वाट: सक्शन व्हॉल्व्हच्या भोकात बाजूच्या भिंतीला असलेल्या छिद्रातून, ४५ अंशांत, खाली नळीच्या टोकापर्यंत. दुसरी: त्याच भोकातून सरळ, केबलकडे, सक्शनच्या तोंडापर्यंत. ही दुसरी वाट सगळ्यात जास्त चुकते, कारण तो भाग रुग्णाच्या शरीरात जात नाही म्हणून स्वच्छच असेल असं वाटतं. पण ओढलेला सगळा मळ तिथूनच जातो. तिसरी: बायोप्सीच्या तोंडाचा आणि व्हॉल्व्हच्या भोकांचा आखूड, जाड ब्रश. सगळं पाण्याखाली करा म्हणजे तुषार उडत नाहीत. आणि एक गोष्ट नीट बघा: ब्रश दुसऱ्या टोकाने बाहेर आला की त्याचे केस पूर्ण उमलेपर्यंत बाहेर ढकला, पाण्याखाली बोटांनी चोळून मळ काढा, मगच मागे ओढा. मळासकट मागे ओढलेला ब्रश ती घाण पुन्हा आत पसरवतो. केसांवर काहीही दिसेनासं होईपर्यंत ही फेरी चालू ठेवा. ठरावीक तीन वेळा फिरवून थांबायचं नसतं.

त्यानंतर सगळे चॅनेल डिटर्जंटने भरा, हवेचे बुडबुडे निघाले याची खात्री करा, आणि लेबलवरच्या वेळेइतकं भिजू द्या. व्हॉल्व्ह मागे-पुढे दाबत आतून ब्रश करा आणि ते त्या त्या स्कोपच्याच जोडीला ठेवा. मग स्वच्छ पाण्याने विसळा आणि हवेने पाणी बाहेर काढा. ही हवा टाळली तर चॅनेलमधलं पाणी द्रावणात मिसळतं आणि दर स्कोपमागे ग्लुटाराल्डिहाइड पातळ होत जातं.

द्रावणात घालण्याआधी प्रकाशात, भिंगाखाली टोक, लेन्सजवळची नळीची तोंडं आणि व्हॉल्व्हची भोकं पाहा. एटीपी (पेशींमधलं एक रसायन, उरलेल्या मळाची खूण) किंवा प्रथिनाची झटपट चाचणी परवडत असेल तर निदान कोलोनोस्कोपला ती लावा. मिनिटाभरात कळतं आणि चूक त्याच वेळी दुरुस्त होते, कल्चरसाठी दिवसच्या दिवस थांबावं लागत नाही.

ग्लुटाराल्डिहाइडचं थोडक्यात. एक द्रावण १४ किंवा २८ दिवस वापरणं ही वरची मर्यादा आहे, हमी नाही. प्रत्येक वापराआधी टेस्ट स्ट्रिप (द्रावणाची तीव्रता दाखवणारी पट्टी) लावा, तापमान नोंदवा, आणि स्ट्रिप नापास झाली तर तिसऱ्या दिवशीही द्रावण ओतून द्या. वेळ मोजायची ती शेवटचा चॅनेल द्रावणाने भरल्यापासून. ट्रेला झाकण हवं, खोलीत हवा खेचणारा पंखा हवा, हातात नायट्रिलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. हे रसायन दमा जडवतं, आणि एकदा जडला की थोड्या वाफेनेही उठतो. डोळे चुरचुरत असतील, छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर ते अंगावर काढू नका.

शेवटचं विसळणं निर्जंतुक किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्याने, दर वेळी नव्या. नळाच्या पाण्याने विसळलं तर आधीच्या सगळ्या मेहनतीनंतर सूडोमोनास तुम्हीच परत आत घालता. विसळणं कमी पडलं तर उरलेल्या ग्लुटाराल्डिहाइडने रुग्णाच्या आतड्याला रासायनिक दाह होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पोटदुखी आणि रक्ताची शौच घेऊन येतो.

डॉक्टरांच्या 'धुण्यात कमी पडताय' या वाक्याला उत्तर वेळेच्या हिशोबाने द्या. एक संपूर्ण फेरी घड्याळ लावून करा आणि प्रत्येक पायरीची मिनिटं लिहा. ने-आण आणि लीक टेस्ट १० मिनिटं, ब्रश आणि भिजवणं २०, विसळणं आणि तपासणी १०, द्रावण २०, पुन्हा विसळणं ५, हवा १०, असं धरलं तरी ७५ मिनिटं भरतात, आणि यात एकही अडचण आलेली नाही. लेबल ४५ मिनिटं मागत असेल तर १०० मिनिटं. एका कोलोनोस्कोपवर दिवसात किती केस होऊ शकतात हे त्या कागदावरून सरळ निघतं. त्याहून जास्त हव्या असतील तर दुसरा कोलोनोस्कोप, किंवा कमी वेळात काम करणारं द्रावण, किंवा मशिन घ्यावं लागेल. मशिन आलं तरी ब्रशचं काम हातानेच राहतं. मशिन चॅनेलमधला चिकटलेला मळ काढत नाही, आणि त्याचा एक कनेक्टर चुकीचा लागला तर तो चॅनेल संपूर्ण फेरीत कोरडाच राहतो.

पुढे कधी ड्युओडेनोस्कोप (पित्तनलिकेच्या कामासाठीचा स्कोप) आला तर त्याला ही पद्धत पुरणार नाही, हे आताच सांगून ठेवतो. त्याच्या टोकाला फोर्सेप्स उचलणारी जी छोटी पट्टी असते, तिच्या मागच्या फटीत ब्रश नीट पोहोचत नाही. २०१२ मध्ये रॉटरडॅमला आणि २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचे उद्रेक अशा स्कोपमधून झाले. त्यानंतर अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१९ मध्ये टोकाचं झाकण किंवा आख्खा स्कोपच टाकून देता येईल अशा रचनेकडे वळायला सांगितलं. त्याचं प्रशिक्षण वेगळं मागून घ्या.

कोलोनोस्कोप दुरुस्तीहून परत आला की तो वापरलेला समजून पूर्ण फेरी करा, वाळवा, रात्रभर कपाटात टांगा आणि सॅम्पल दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. द्रावणातून काढल्या काढल्या घेतलेलं सॅम्पल वाळवण्यातली चूक दाखवत नाही. दोघींनी मिळून घ्या: एकीने स्कोप धरायचा, दुसरीने निर्जंतुक हातमोजे घालून द्रव सोडायचा आणि गोळा करायचा. बायोप्सी-सक्शन चॅनेलमधून २० मिली निर्जंतुक द्रव सोडा, निर्जंतुक ब्रश फिरवा, पुन्हा द्रव सोडा. हवा-पाण्याचा चॅनेल आणि जेटचा चॅनेल यांच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. सगळं एकत्र केलं तर जंतू कुठे बसलाय ते कळत नाही. उरलेल्या रसायनाचा परिणाम मारणारा पदार्थ सॅम्पलमध्ये घालायला प्रयोगशाळेला सांगा, नाहीतर खोटा स्वच्छ निकाल येतो. निरुपद्रवी जंतू चॅनेलमागे २० सीएफयूपर्यंत (कल्चरमध्ये वाढलेल्या वसाहतींची मोजणी) असतील तर चालतात, सूडोमोनास किंवा आतड्यातला जंतू मात्र एकही नको. फक्त बायोप्सी चॅनेलमध्ये सापडला तर अस्तर बदलायला पुन्हा पाठवा. फक्त हवा-पाण्याच्या चॅनेलमध्ये सापडला तर सिमेथिकॉन, बाटली आणि तो खोक्यातला अ‍ॅडॉप्टर हे तीन धागे धरा. निकाल हातात येईपर्यंत स्कोपवर 'वापरू नये' असं लेबल लावून, तारीख घालून, बाकीच्या स्कोपपासून वेगळा टांगा.